शहराजवळ, समुद्रकाठी, पहिल्यांदाच कॅम्पिंग: तीनपैकी कुठली जागा घेऊ?

दोन_चिमण्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच विचारतेय, पोस्ट जरा लांब होईल. आम्ही समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात राहतो. नवरा, मी, मुलं (धाकटी ५ वर्षांची, मोठा ९ चा) आणि सासूबाई, वय ६८, गुडघे दुखतात पण टेंटमध्ये झोपायची सगळ्यात जास्त हौस त्यांनाच आहे. आमच्यापैकी कोणीच आजवर कॅम्पिंग केलेलं नाही. टेंट मैत्रिणीकडून मिळतोय, सहा माणसांचा, गाडी घरचीच आहे. शुक्रवारी ऑफिसातून आलो की निघायचं आणि दोन रात्री काढून रविवारी परत, असा विचार आहे.

शोधून शोधून तीन कॅम्पग्राउंड बाजूला काढलीत. पहिलं एकदम किनाऱ्यावर, घरापासून पाऊण तास. फोटो असे आहेत की टेंटचं दार उघडलं की समोर लाटा, नवरा तिथेच अडकलाय. दुसरं डोंगरात, दाट झाडी, शेजारी ओढा, दोन तास लागतात, मला ते आवडलंय कारण तिथे शहर विसरल्यासारखं वाटेल. तिसरं खाडीच्या तोंडाशी, एक तासावर, नुसतं गवताचं मोकळं मैदान आहे, थोडी झाडं, समुद्र तिथून १५ मिनिटं चालत. फोटो अगदीच साधे, खरं सांगायचं तर ते यादीत आलं कारण बाकी दोन्हीकडे जागा मिळेल की नाही याची खात्री नव्हती.

तारीख नवऱ्याने मुद्दाम अमावस्येची काढलीय, चांदणं नसलं की तारे छान दिसतात म्हणून. मुलांना आकाशगंगा दाखवायची आहे त्याला. कुठली जागा घेऊ? आणि आम्ही विचारायलाच हवं पण आम्हाला सुचतच नाहीये असं काही असेल तर तेही सांगा प्लीज.

भरतीओहोटी

ताई, तारीख वाचली आणि लगेच लिहायला बसलो. ताऱ्यांसाठी अमावस्या सगळ्यात चांगली हे बरोबर आहे, पण त्याच दिवसांत समुद्राला उधाण असतं. अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरतीचं पाणी एरवीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला खूप आत जातं. बऱ्याच किनाऱ्यांवर सगळ्यात मोठी भरती नेमकी त्या दिवशी नाही तर एक-दोन दिवसांनी येते, म्हणजे अमावस्या गुरुवारी असेल तर तुमची शनिवारची रात्र सगळ्यात जास्त पाण्याची. अष्टमीच्या आसपास उलट असतं, भांगाची भरती, पाणी फार चढत नाही फार उतरत नाही.

आमचं काय झालं ते सांगतो, म्हणजे कळेल मी एवढं का लिहितोय. आम्हीही असेच लाटांसमोर होतो. जागा आम्ही नाही निवडली, तिथल्या माणसांनीच हात करून दाखवली, इथे लावा म्हणाले. संध्याकाळी पाणी इतकं लांब होतं की मुलांना पाण्यापर्यंत पोचायला बराच वेळ चालावं लागलं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. रात्री पावणेतीनला बायकोने हलवलं, म्हणाली अंगाखाली काहीतरी गार लागतंय. टॉर्च लावली तर टेंटच्या खालची ताडपत्री पाण्यावर हलत होती, दाराबाहेर काढलेल्या चपलांपैकी एक आमच्या समोरून तरंगत चालली होती आणि धाकटा गाढ झोपेत. पाणी घोट्याएवढंच होतं, कोणाला काही झालं नाही. पण दोन झोपलेली मुलं खांद्यावर घेऊन अंधारात ओल्या वाळूतून वर चालत जाताना मागून प्रत्येक लाटेचा आवाज येत होता, तो मला आजही आठवतो.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने, आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. दोन्ही भरत्या सारख्याच उंचीच्या असतील असंही नाही. म्हणजे दुपारी बघितलेल्या भरतीवरून रात्रीच्या भरतीचा अंदाज बांधू नका, तिथलं भरतीचं वेळापत्रक काढून रात्रीचा आकडा बघा. त्या वेळापत्रकात फक्त चंद्र-सूर्याचा हिशोब असतो, समुद्राकडून जोराचा वारा असेल किंवा वादळी हवा असेल तर पाणी त्याच्याही वर येतं.

आणि जागेवर गेलात की वाळूवरची ओळ शोधा. वाळलेलं शेवाळ, काटक्या, बाटल्यांची बुचं, थर्माकोलचे तुकडे अशी एक वेडीवाकडी रेघ असते, पाणी अलीकडे कुठवर येऊन गेलं ते ती सांगते. एकापेक्षा जास्त रेघा असतील तर सगळ्यात वरची धरायची, आणि टेंट तिच्याही बराच वर, उंचावर.

रानवाटा

वरच्या दादांचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. पण ताई, त्यावरून डोंगरातलं आपोआप सुरक्षित असं समजू नका हं. मी गेली १४ वर्षं डोंगरातच टेंट टाकतोय त्यामुळे मला खरं तर दुसऱ्या नंबरची बाजू घ्यायला हवी, पण तुमची माणसं बघून मी ती घेणार नाही.

एक तर शुक्रवार संध्याकाळ. मोठ्या शहरातून त्या वेळी अख्खं गाव बाहेर पडतं, दोन तासांचे साडेतीन-चार होतात, म्हणजे पोचणार रात्री दहाला, भुकेली पेंगुळलेली मुलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा टेंट उभारणार तो मोबाईलच्या उजेडात. मला विचाराल तर पहिल्या कॅम्पिंगला सूर्य मावळायच्या किमान दोन तास आधी जागेवर पोचता आलं पाहिजे, ज्या जागेला ते जमत नाही ती जागा कितीही सुंदर असली तरी बाद. तुम्हाला शुक्रवार सोडून शनिवारी सकाळी निघता येत असेल तर तेच करा, एक रात्र कमी होईल पण जी मिळेल ती नीट मिळेल.

दुसरं म्हणजे ओढा. ओढ्याशेजारी टेंट लावायची सगळ्यांना इच्छा होते, आवाज छान येतो. पण पाऊस वर कुठेतरी डोंगरात पडतो आणि पाणी खाली तुमच्याकडे येतं, तुमच्या डोक्यावर आभाळ मोकळं असलं तरी. काठावरच्या झुडपांत कमरेच्या उंचीवर गवत-काड्या अडकलेल्या दिसल्या तर समजायचं पाणी तिथवर येऊन गेलंय. सपाट, मऊ, वाळूची जागा मिळाली म्हणून खूश होतो आपण, ती बऱ्याचदा ओढ्याचंच पात्र असते. शिवाय गार हवा जड असते, रात्री उतारावरून घरंगळत खाली येऊन ओढ्याच्या खळग्यात साठते, तिथून थोडंसंच वर चढून झोपलात तरी थंडी कमी लागते आणि सकाळी टेंट कमी भिजलेला असतो.

आणि टेंट लावायच्या आधी वर बघा. मान पूर्ण मागे टाकून. वाळकी फांदी, अर्धवट मोडून दुसऱ्या फांदीत अडकलेली फांदी, साल गळालेलं उभं मेलेलं झाड, यातलं काही असेल तर तिथे नाही. वारा नसतानाही फांद्या पडतात, मी पडताना बघितलीय, मोकळ्या जागेवर मांडीएवढी जाड फांदी आली आणि जमिनीत रुतून उभी राहिली.

घरटं_फिरतं

माझं एकच म्हणणं, आधी टॉयलेट बघा. किती लांब, रात्री पाणी असतं का, दिवा असतो का, आत बसायचं कमोड आहे का (सासूबाईंचे गुडघे!!), पायऱ्या आहेत का. ५० पावलांवर असेल तर उत्तम. २०० पावलांवर असेल तर ५ वर्षांच्या मुलीला घेऊन रात्री दोनदा जाऊन बघा म्हणजे कळेल. अगदी चिकटून पण नको, रात्रभर दार आपटतं, वास येतो, आणि प्रत्येक येणाऱ्याची टॉर्च तुमच्या टेंटवर पडते.

दोन_चिमण्या

बाप रे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. अमावस्या आणि उधाण हे शाळेत शिकले होते, पण तारीख ठरवताना एकदाही डोक्यात आलं नाही. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला येत्या रविवारी तिन्ही नाही तरी किनाऱ्यावरचं आणि खाडीचं अशा दोन जागा प्रत्यक्ष बघून येऊ. डोंगरातलं मी स्वतःच या खेपेला बाजूला ठेवलंय. तर तिथे जाऊन नक्की काय काय बघायचं? आणि वाळूत टेंटच्या खुंट्या टिकतात का? मैत्रिणीने दिलेल्या खुंट्या साध्या, तारेसारख्या बारीक आहेत.

वाऱ्याची_दिशा

बारीक खुंट्या वाळूत टिकत नाहीत, लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. त्याला सोपा उपाय आहे. कापडी पिशवीत वाळू भरायची, तोंड बांधायचं, तिला टेंटची दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल खड्ड्यात पुरून वर वाळू दाबून पाय द्यायचा. पिशवी नसेल तर हातभर लांबीची जाड काठी आडवी पुरा, मधोमध दोरी बांधून. खेचून बघा, गाडी ओढायला निघाल्यासारखं वाटेल, सुटणार नाही. सहा माणसांचा टेंट म्हणजे शिडाएवढं कापड आहे हे विसरू नका, कोपऱ्यांना तर पिशव्या हव्यातच पण बाजूच्या दोऱ्यांनाही हव्यात.

वाऱ्याचं गणित असं. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, खारे वारे, आणि दुपारनंतर ते चांगलेच जोरात असतात. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे, मतलई वारे, हे सहसा हलके. म्हणजे लोक दुपारी चार वाजता खाऱ्या वाऱ्यात टेंट लावायला घेतात तेव्हा दिवसातली सगळ्यात वाईट वेळ असते, आणि सूर्य बुडाल्यावर तीच जागा शांत होते. त्यामुळे दुपारचा वारा बघून घाबरून जागा सोडू नका आणि सकाळची शांतता बघून फसू पण नका. टेंटची सगळ्यात अरुंद आणि उतरती बाजू समुद्राकडे करा, दार आडोशाला. लाटांसमोर दार हे फोटोत छान दिसतं, प्रत्यक्षात रात्रभर फडफड आणि सकाळी अंथरुणात वाळू.

बघायला जाताय तर संध्याकाळी जा. शक्य असेल तर अंधार पडेपर्यंत थांबा. मोठ्या शहराजवळच्या जागांची खरी अडचण दिवसा दिसतच नाही. विमानांचा रस्ता नेमका डोक्यावरून आहे का, रेल्वे किती जवळ, हायवेचे ट्रक ऐकू येतात का, शेजारी कुठे जनरेटर चालतो का, हे सगळं अंधारात कळतं. तारे पण. शहराचा उजेड आभाळात बराच लांबवर चढलेला असतो, पाऊण तासावर गेलात म्हणून आकाशगंगा दिसेलच असं नाही, पण किनाऱ्यावर एक फायदा असतो, समुद्राच्या बाजूचं आभाळ शहराच्या बाजूपेक्षा बरंच काळं असतं. तिकडे तोंड करून २०-२५ मिनिटं कुठलाही दिवा, मोबाईलसुद्धा, न बघता बसलात तर डोळे सरावतात आणि मग बरंच काही दिसायला लागतं.

भरतीओहोटी

पोहण्याचं राहिलं होतं म्हणून परत आलो. मोठ्या शहराच्या जवळचा समुद्र आणि लांबचा समुद्र यात एक फरक आहे तो लोक विचारात घेत नाहीत. जोराचा पाऊस झाला की शहरातले रस्ते, गटारं, नाले, जे काय असेल ते धुऊन समुद्रात येतं. पावसानंतर दोन-तीन दिवस मुलांना पाण्यात उतरवू नका, नाल्याच्या किंवा खाडीच्या तोंडाशी तर नकोच. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी पोट बिघडणं, कान दुखणं, अंगाला खाज असलं काहीतरी घेऊन येतात पोरं.

खाडीजवळचं घेतलंत तर अजून एक सांगतो. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो, मुलांना खेकडे दिसतात, धावत सुटतात. तो गाळ असतो, वरून घट्ट दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. आणि भरती परत येते तेव्हा समोरून भिंतीसारखी येत नाही, ती आधी चरांमधून, तुमच्या मागच्या बाजूने येते, माणूस पुढे बघत असतो आणि परतीची वाट बुडालेली असते. काठावरून बघायचं, गाळात उतरायचं नाही, इतका सरळ नियम करा.

आणि जिथे पोहणार तिथे लाटा फुटताना बघा. सगळीकडे पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर माणसं त्या शांत पट्ट्यात उतरतात. तिथेच पाणी आत ओढत असतं. कोणी सापडलंच तर किनाऱ्याकडे जिवाच्या आकांताने पोहायचं नाही, दम जातो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग आत यायचं. तेही जमत नसेल तर नुसतं तरंगत राहायचं आणि हात वर करून मदत मागायची. जीवरक्षक असलेला किनारा मिळत असेल तर थोडं लांब चालावं लागलं तरी तिथेच पोहा.

पारिजात_शिफ्टड्युटी

मी भाजलेल्या पेशंटांच्या वॉर्डात नर्स आहे, मला फक्त शेकोटीबद्दल बोलायचंय आणि ते कृपया सगळ्यांनी वाचा. किनाऱ्यावर शेकोटी केली की लोक शेवटी तिच्यावर वाळू लोटतात आणि विझली म्हणून झोपायला जातात. ती विझत नाही. वाळूखाली निखारे तासन् तास गरम राहतात, सकाळपर्यंतसुद्धा, आणि वरून काहीच दिसत नाही, धूर नाही लाल नाही, नुसती वाळू. सकाळी लहान मूल अनवाणी धावत येतं आणि नेमकं त्यावर पाय देतं. मूल पाय लगेच उचलत पण नाही हो, ते घाबरून तिथेच उभं राहतं. मी असे तळपाय बांधलेले आहेत, चार वर्षांच्या मुलाचे. त्याची आई मला पुन्हा पुन्हा हेच सांगत होती की आम्ही विझवली होती.

पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता, तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन गरम लागत नाही ना बघा, मगच झोपा. वाळू अजिबात लोटायची नाही. आणि कॅम्पग्राउंड बघायला जाल तेव्हा शेकोटीसाठी ठरलेली, दगडाने किंवा लोखंडाने आखलेली जागा आहे का ते विचारा. जिथे कोणीही कुठेही जाळ करतं तिथे आधीच्या मंडळींचे निखारे तुमच्या मुलीच्या पायाखाली येऊ शकतात.

दुसरं, थंडी वाजली म्हणून निखाऱ्याची शेगडी किंवा गॅस टेंटच्या आत घ्यायचा नाही, पाच मिनिटंही नाही, दार उघडं ठेवूनही नाही. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही वास नाही, माणूस झोपेतच जातो. विझत आलेली शेगडी पण तितकीच वाईट. थंडी वाजत असेल तर अंगाखाली अजून एक मॅट घाला, थंडी जमिनीतूनच जास्त येते. हवा भरलेली गादी नुसती घेतलीत तर खालून गारठा येतो, तिच्यावर जाड चादर किंवा फोमची मॅट हवी.

आजी_प्रवासी

अगं, तुझ्या सासूबाईंबद्दल मी लिहिते, मी ७१ ची आहे आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, गेल्या पाच वर्षांत नातवंडांबरोबर टेंटमध्ये बऱ्याच रात्री झोपलेय. झोप लागण्याची काळजी करू नकोस, प्रश्न उठण्याचा असतो. जमिनीवरच्या गादीवरून रात्री उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग गुडघ्यावर यायचं, आणि तो गुडघाच तर दुखत असतो. त्यांच्यासाठी घडीची खाट घे, बसल्यावर पाय सपाट टेकतील एवढ्या उंचीची, आणि ती टेंटच्या दाराच्या बाजूला लाव, म्हणजे रात्री कोणाला ओलांडून जावं लागणार नाही. खाटेखालूनही गार लागतं, म्हणून खाटेवर पण मॅट घालायची. बाहेर बसायला हात असलेली खुर्ची हवी, हातांवर जोर देऊन उठता येतं. ते खोलगट कापडी खुर्च्यांमध्ये बसवू नकोस, त्यातून मला दोघांनी ओढून काढावं लागतं.

आणि जागा निवडताना गाडी टेंटच्या किती जवळ येते ते बघ. काही ठिकाणी गाडी लांब लावून सामान आणि माणसं वाळूतून चालत न्यावी लागतात. वाळूत चालणं गुडघ्याला फार जड जातं, सपाट रस्त्यावर अर्धा तास चालेन मी पण मऊ वाळूत पाच मिनिटांत थकते. हे तरुण माणसांच्या लक्षातच येत नाही, त्यांचा दोष नाही त्यात. आणि त्यांना विचार गं, काय हवंय ते. मला बरेचदा सगळं ठरवूनच सांगतात.

रानवाटा

आजींचं अगदी खरं. एक भर घालतो, गाडी जवळ असणं विजांसाठीही लागतं. टेंट विजेपासून वाचवत नाही, झाडाखाली तर नाहीच, काचा बंद केलेली पत्र्याच्या टपाची गाडी वाचवते. ढगांचा गडगडाट ऐकू आला की गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. खाण्याचं सामानही रात्री गाडीतच ठेवा, टेंटमध्ये काहीच नको, मुलांच्या खिशातलं पण काढा. जिथे जे जनावर असेल ते वासावर येतं आणि टेंट फाडायला त्याला काही वेळ लागत नाही.

दोन_चिमण्या

आम्ही जाऊन आलो! रविवारी दुपारी साडेतीनला निघालो आणि रात्री साडेनऊला घरी. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

आधी किनाऱ्यावरचं. फोटोत आहे तसंच आहे, खोटं काही नाही, मुलं तर बघूनच पळत सुटली. मी ती रेघ शोधायला लागले. टेंटच्या रांगेच्या पुढे एक होती, स्पष्ट. म्हटलं बरं आहे, पाणी इथवरच येतं. मग मोठा म्हणाला आई इकडे पण आहे, आणि तो उभा होता टेंटच्या रांगेच्या मागे, कुंपणापाशी. कुंपणाच्या खालच्या तारेत वाळलेलं शेवाळ गुंडाळलेलं होतं आणि एक लहान मुलाचा सँडल अडकला होता. म्हणजे टेंट दोन्ही रेघांच्या मधे. तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला एखाद्या वेळी येतं पाणी, आम्ही उठवतो सगळ्यांना. नवऱ्याने तिथेच मोबाईल काढून आमच्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक बघितलं. मोठी भरती मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता. त्याने काहीही न बोलता मोबाईल खिशात ठेवला आणि मुलांना हाक मारली. गाडीपासून टेंटपर्यंत मऊ वाळू होती ती वेगळीच, सासूबाई अर्ध्यात थांबल्या.

खाडीचं मैदान फोटोत दिसतं त्याहून बरं निघालं. खाडीच्या काठापेक्षा चांगलंच उंचावर आहे, गाडी टेंटच्या जागेपर्यंत येते. माती घट्ट आहे, घरून नेलेली एक खुंटी ठोकून बघितली, नीट बसली. टॉयलेट मी पावलं मोजत गेले, ६४ पावलं, आत कमोड, पायरी नाही उतार आहे, दिवा आहे. शेकोटीला गोल दगडी कडं केलेलं आहे आणि शेजारी पाण्याचा नळ. झाडं थोडीच आहेत, मान मागे टाकून सगळी बघितली, एकात वाळकी फांदी आहे, ती जागा नंबर १४. आम्ही ९ नंबर बघून ठेवलाय.

अंधार पडेपर्यंत थांबलो. विमानं जातात डोक्यावरून, साधारण दहा-बारा मिनिटांनी एक, आवाज येतो पण बोलणं थांबवावं लागत नाही. मुलीला तर ती आवडलीच. डास मात्र संध्याकाळी सूर्य बुडताना फार होते, तासाभराने कमी झाले. तारे शहराच्या बाजूला जवळपास नाहीत, समुद्राच्या बाजूला खूप दिसले, आकाशगंगा नाही दिसली पण त्या दिवशी अर्धा चंद्र होता वर. आजी_प्रवासी, तुमचं वाचून सासूबाईंना विचारलं काय हवंय. त्या म्हणाल्या मला पहाटे एकटीने खुर्ची टाकून पाणी बघत बसायचंय, कोणी सोबत नको. ९ नंबरवरून खाडी दिसते.

तर आता खाडीचंच घेतोय. शनिवारी सकाळी निघायचं, एकच रात्र. तारीख पण बदलायची का हा प्रश्न आहे, नवरा अजून अमावस्येवर आहे, म्हणतो इथे उंचावर आहोत तर उधाणाची भीती नाही आणि तारे मिळतील. तुम्हाला काय वाटतं?

भरतीओहोटी

९ वर्षांच्या मुलाने कुंपणाची रेघ शोधली, त्याचं खूप कौतुक करा माझ्याकडून. त्या जागी तुम्ही वर आहात तर अमावस्या ठेवायला माझी हरकत नाही. फक्त एक करा, शनिवारी भरतीच्या वेळी पाणी काठाला कुठे लागतं ते स्वतः जाऊन बघा आणि तिथे एक काठी रोवून या, मुलांनाही दाखवा. उधाणाची ओहोटी पण मोठी असते, खाडीचा गाळ खूप लांबवर उघडा पडेल आणि मुलांना उतरायचा मोह होईल, तेवढं सांभाळा. हवामानाचा अंदाज वादळी असेल तर मात्र सरळ पुढे ढकला.

वाऱ्याची_दिशा

टेंट एकदा घरीच उभा करून बघा, गच्चीवर, अंगणात, नाहीतर हॉलमध्ये दोऱ्या न ताणता. उधारीचा आहे म्हणून सांगतो, काठ्या कमी असतात, चेन अडकते. आणि एक रात्र मुलांना त्यात झोपवा. परत आल्यावर साध्या पाण्याने चेन आणि काठ्यांचे जोड धुवा, खाऱ्या हवेत चेन जाम होतात, मग पूर्ण वाळवूनच घडी घाला.

घरटं_फिरतं

६४ पावलं!! मस्त. टेंटच्या दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधा, रात्री उठणारं माणूस दोरीतच अडखळून पडतं. आणि सासूबाईंना स्वतःची वेगळी टॉर्च द्या, कोणाकडे मागायला लागू नये.

दोन_चिमण्या

बुक केलं, ९ नंबर. टेंट काल रात्री हॉलमध्ये उभा केला, एक काठी खरंच कमी आहे, मैत्रिणीला फोन केलाय. दोघं मुलं त्यातच झोपली. पांढऱ्या पट्ट्या जुन्या चादरीच्या फाडून ठेवल्यात. टॉर्च सासूबाईंना काल संध्याकाळीच दिली, त्यांनी ती उशाशी ठेवलीय आणि पहाटे एकदा लावून बघितली.